चार पैसे जास्तीचे आले तर...

(घरकामगार महिला आणि बचत गटांच्या दिवाळीपूर्व मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

मी पोळ्या-भाजीची कामं करते आणि त्यातून जो वेळ उरतो त्यात संघटनेचं काम करते. आजच्या मेळाव्यासाठी ताईंनी मला विषय दिला होता, 'स्त्रिया आणि अर्थकारण'. मी त्यांना म्हटलं, एवढ्या मोठ्या विषयावर बोलणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. मी एका लहान रकमेवर बोलते. पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंतची, वर्षातून एखाद्या वेळेला आपल्या हातात येणारी रक्कम. दिवाळीचा बोनस, भिशीचा नंबर, गटाचा वाटा, कधी पोस्टातली मुदत संपलेली ठेव, कधी सरकारी योजनेचे तुंबलेले हप्ते.

आपण चळवळीत जमिनीच्या हक्कावर बोलतो, पोटगीवर बोलतो, घर दोघांच्या नावावर करण्यावर बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण आपल्यातल्या बहुतेकींच्या नावावर जमीन यायचीच नाही, कारण सासरी-माहेरी जमीनच नाही. आपल्या हातातून जाते ती ही लहान रक्कम. येते आणि आठ-दहा दिवसांत संपते. महिन्याभरानं विचारलं की 'अगं, बोनसचं काय केलंस?' तर आठवत नाही. ती कुठं गेली, कुणी ठरवलं आणि कुणाचं काम हलकं झालं, हे तीन प्रश्न आज आपण एकमेकींना विचारू या.

हा पैसा आला कुठून?

पहिली गोष्ट, याला घबाड म्हणू नका. लॉटरी लागली असं म्हणू नका. कारखान्यातल्या कामगाराला बोनसचा कायदा १९६५ साली मिळाला. आपण लोकांच्या घरात राबतो, आपल्याला तो कायदा लागू नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी कामं बंद ठेवली, रस्त्यावर उतरल्या, त्यातून आपली संघटना उभी राहिली. पगार, हक्काची सुट्टी, दिवाळीचा बोनस या मागण्या आपण वर्षानुवर्षं लावून धरल्या. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण बोनस मिळतो तो अजूनही आपण मागतो म्हणून, आणि एकजुटीनं मागतो म्हणून. तेव्हा बाईसाहेबांनी पाकिटात घालून दिलेला महिन्याचा पगार म्हणजे दिवाळीची ओवाळणी नव्हे. ती आपली मागाहून मिळालेली मजुरी आहे.

भिशीचं तर विचारायलाच नको. तो आपलाच पैसा आहे. आपण महिन्याला हजार रुपये भरतो, म्हणून एका महिन्यात बारा हजार मिळतात. तरी नंबर लागला की घरात सगळ्यांना वाटतं की आभाळातून पैसा पडला. मग आभाळातून पडलेल्या पैशावर सगळ्यांचा हक्क, आणि जिनं वर्षभर चहात साखर कमी घालून हप्ता भरला तिचा सगळ्यांत शेवटी!

कायदासुद्धा आपल्या बाजूचा आहे, हे माहीत असू द्या. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे बाईनं स्वतः कमावलेलं, तिला भेट मिळालेलं, वारशानं आलेलं, सगळं तिच्या पूर्ण मालकीचं असतं. स्त्रीधन बाईचंच, नवरा त्यात भागीदार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली सांगितलं. मुस्लिम बहिणींच्या मेहेरवर नवऱ्याचा हक्क नसतो. म्हणजे हक्क कागदावर आहे. पण दिवाळीच्या आदल्या रात्री चुलीपाशी बसून कुणी कायद्याचं पुस्तक उघडत नाही.

नावावर आला म्हणजे हातात आला का?

२०२४ साली राज्य सरकारनं लाडकी बहीण योजना आणली. महिन्याला दीड हजार रुपये. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार खात्यात आले. निवडणुका तोंडावर होत्या, ते आपल्याला कळत नव्हतं असं नाही. पण आपण ते राजकारण बाजूला ठेवून गटाच्या बैठकीत एकच प्रश्न विचारला, 'तीन हजारांचं काय केलंस?'

एकीनं सांगितलं, पोरीची क्लासची फी भरली. एकीनं किराणा दुकानातली उधारी फेडली. एकीनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पसंतीनं साडी घेतली आणि सांगताना लाजली. एक जण मात्र म्हणाली, 'मला काय माहीत? कार्ड त्यांच्याकडे असतं.' तिच्या नावाचं खातं, तिच्या अंगठ्यावर आलेले पैसे, आणि बँकेचा मेसेज जातो तो मोबाईल नवऱ्याच्या खिशात! आणखी एक जण म्हणाली, 'पैसे माझ्याच हातात आले ताई, पण त्या महिन्यापासून त्यांनी घरखर्चाला दीड हजार कमी द्यायला सुरुवात केली.' बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. कारण अनेकींच्या घरी तेच घडलं होतं, फक्त कुणी बोललं नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते, तिची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात दिसलं की देशातल्या ७९ टक्के बायका स्वतः वापरतात असं बँक खातं त्यांच्याकडे आहे. पण ज्याचं काय करायचं ते आपण स्वतः ठरवू शकतो, असा पैसा आपल्याकडे आहे असं सांगणाऱ्या बायका फक्त ५१ टक्के. खातं आणि निर्णय यांच्यात एवढं अंतर आहे.

हे अंतर काही आपल्याच देशात नाही. ब्रिटनमध्ये १९४५ साली मुलांसाठी सरकारी भत्त्याचा कायदा झाला. मसुद्यात लिहिलं होतं की पैसे बापाला मिळतील. एलिनॉर रॅथबोन नावाची खासदार बाई कित्येक वर्षं या भत्त्यासाठी झगडत होती. ती आणि तिच्या सोबतिणी अडून बसल्या की मुलांना वाढवते ती आई, तर पैसेही आईच्याच हातात पडले पाहिजेत. शेवटी सरकारला ते मान्य करावं लागलं. पुढं १९७० नंतरच्या दशकात तिथं आणखी एक बदल झाला. मुलांसाठी बापाच्या पगारावर करात जी सूट मिळायची ती काढून तो पैसा आईला रोख मिळू लागला. अभ्यासकांनी नंतर हिशेब तपासले, तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या मानानं बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. घर तेच, फक्त खिसा बदलला. खिसा बदलला की खर्च बदलतो.

गरज कुणाची आणि हौस कुणाची?

आता आपल्या बोलण्यातली एक गंमत पाहा. नवऱ्याला नवा मोबाईल पाहिजे, ती कामासाठीची गरज. मुलाला बूट पाहिजेत, ती गरज. नणंदेच्या घरी बारसं आहे, आहेर पाहिजे, ती तर इज्जतीची गरज. आणि बाईला मोरीला दार पाहिजे, तर 'इतकी वर्षं नव्हतं तेव्हा काय अडलं होतं?' बाईला चष्मा पाहिजे, तर 'तुला कुठं कचेरीत लिहायचंय?' आपल्या गरजेला हौस म्हणतात आणि दुसऱ्याच्या हौसेला गरज म्हणतात.

हे घरातले लोक म्हणतात, असं म्हणून सुटता यायचं नाही. आपणसुद्धा म्हणतो. गटात आम्ही एक खेळ घेतला होता. प्रत्येकीला विचारलं, दहा हजार आले तर काय घेशील? पटापट उत्तरं आली. पोराची सायकल, घरावर पत्रा, सासऱ्यांचं औषध, पोरीच्या लग्नाला भांडी. मग विचारलं, 'आता यातलं तुझ्यासाठी काय?' बराच वेळ कुणी बोलेना. मग एक जण हळूच म्हणाली, 'दात काढायचाय. दोन वर्षं झाली, एकाच बाजूनं चावते.' ती बोलली आणि बांध फुटला. कुणाला चष्मा, कुणाच्या पायाला भेगा पडून रक्त येतं म्हणून बऱ्या चपला, कुणाला अंगावरून जातं त्याची तपासणी. एकही जण सोनं म्हणाली नाही. एकही जण फिरायला जायचं म्हणाली नाही. दुखणारा दात एवढीच आपली हौस!

माझ्या घरातला हिशेब

नुसतं सांगून पटत नाही, म्हणून माझ्या घरातला मागच्या दिवाळीचा हिशेब सांगते. चार घरांचा बोनस मिळून नऊ हजार आणि भिशीचे बारा हजार. एकवीस हजार रुपये. घरात आम्ही पाच माणसं. नवरा रंगकाम करतो, सासूबाई आहेत, मुलगी दहावीत, मुलगा आठवीत.

पैसे यायच्या आधीच मागण्या आल्या. नवऱ्याचं म्हणणं, मोठा टीव्ही हप्त्यावर घेऊ, बिनव्याजी मिळतो. सासूबाईंचं म्हणणं, कुलदैवत बोलावतंय, जेजुरीला गाडी करून जाऊ, सगळ्या भाऊबंदांना घेऊन. मुलाला बॅट. मुलगी काहीच बोलली नाही.

मी एक वही घेतली आणि सगळ्यांना बसवलं. म्हटलं, टीव्ही पण लिहू, जेजुरी पण लिहू, सगळं लिहू. पण मग प्रत्येक गोष्टीपुढं चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. हे नाही घेतलं तर पैसा वाया जातोय का? हे नाही घेतलं तर कुणाचं अंग दुखतंय का? हे घेतलं तर रोजचं कुणाचं काम कमी होणार? आणि हे घेतल्यावर मागून आणखी किती खर्च येणार?

पहिल्या प्रश्नाला कर्ज वर आलं. सासरे वारले तेव्हा ओळखीच्या एका माणसाकडून सहा हजार घेतले होते, शेकडा पाचानं. म्हणजे महिन्याला तीनशे रुपये व्याज. वर्षाला छत्तीसशे. वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज जातं आणि मुद्दल जागच्या जागी. नवऱ्याला हे माहीत होतं, पण वहीत आकडा लिहिल्यावर तो गप्प झाला. मैत्रिणींनो, शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. कुठलीही बँक ठेवीवर त्याच्या जवळपाससुद्धा व्याज देत नाही. म्हणून घरात असं कर्ज असेल तर ते फेडणं हीच सगळ्यांत मोठी बचत. आणि हेही सांगून ठेवते, महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ सालचा आहे, परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. दमदाटी करत कुणी दारात आला तर एकटीनं तोंड देऊ नका, संघटनेला कळवा.

दुसऱ्या प्रश्नाला चष्मे आले, माझा आणि सासूबाईंचा. सासूबाई म्हणाल्या, 'माझं आता काय राहिलंय बघायचं?' नातू म्हणाला, 'आजी, तू मीठ समजून साखर टाकतेस!' सगळी हसली, पण चष्मा यादीत गेला.

तिसऱ्या प्रश्नाला पाणी आलं. आमच्याकडे पहाटे तासभर नळ येतो. पिंपाला तोटी नव्हती. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो वजन. दिवसाला दहा वेळा वाकून उपसायचं म्हणजे दीडशे किलो. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही रंगाचा डबा शिडीवर चढवता त्याची मजुरी मिळते, आम्ही उपसतो त्याची मिळत नाही, एवढाच फरक. २०१९ साली सरकारनं वेळेची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात. पुरुषांत चौघांतला जेमतेम एक जण घरकामाला हात लावतो, आणि जो लावतो त्याची ९७ मिनिटं. पाच-पाच तासांच्या कामातली वीस मिनिटं जी वस्तू वाचवते ती चैन नाही.

मग मी मुलीला म्हटलं, तूही सांग. ती म्हणाली, 'मोरीला दार आणि आतून कडी.' आमच्या मोरीला पडदा होता. पोरगी पहाटे साडेचारला उठून अंघोळ करत होती, घरातली पुरुषमाणसं उठायच्या आत. मला वाटायचं अभ्यासाला उठते. तिचा बाप काही बोलला नाही. त्यानं वही ओढून घेतली आणि स्वतःच्या हातानं दार सगळ्यांत वर लिहिलं.

शेवटचा हिशेब असा झाला. कर्ज सहा हजार. मोरीचं दार, कडी आणि मिस्त्रीची मजुरी मिळून साडेचार हजार. तोटीचं पिंप आणि त्याला स्टँड अठराशे. दोन चष्मे सोळाशे. कुकर नवा घ्यायचा होता, पण रिंग आणि शिट्टी बदलली तर तोच चालला, अडीचशे रुपये. फराळ आणि मुलांचे कपडे तीन हजार. सासूबाईंची जेजुरी पाचशे रुपयांत झाली, कारण गाडी न करता त्या आणि मी एसटीनं गेलो, बायकांना अर्धं तिकीट आहे. नवऱ्याच्या मोबाईलची फुटलेली काच साडेआठशेत बदलली. झाले साडेअठरा हजार. उरलेले अडीच हजार माझ्या खात्यात, माझ्या नावावर, कार्ड माझ्याकडे.

टीव्ही आला नाही. चौथ्या प्रश्नाला तो पडला. बिनव्याजी म्हणतात, पण दुकानदार फाइलचे पैसे आधी घेतो आणि एक हप्ता चुकला की दंड. पावसाळ्यात रंगकाम बंद असतं, तेव्हा हप्ता कोण भरणार? मुलाला बॅट मिळाली नाही, तो चार दिवस फुगून बसला. सगळ्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण निर्णय सगळ्यांच्या समोर झाला, आणि का झाला ते सगळ्यांना माहीत होतं.

दोन-तीन शंका

बैठकीत हे सांगते तेव्हा एक शंका नेहमी येते. 'ताई, मग हौस करायचीच नाही का? आयुष्यभर पिंप आणि कुकरच?' करायची! ज्या मैत्रिणीनं आपल्या पसंतीची साडी घेतली, तिनं काही गुन्हा केला नाही. पुरुष चहाच्या टपरीवर रोज वीस-तीस रुपये घालवतो, त्याचा हिशेब कुणी मागत नाही. आपल्या साडीचा मात्र मागतात. म्हणून माझं म्हणणं असं की यादीत एक ओळ स्वतःच्या नावाची पाहिजेच. तिच्यात दात काढा, साडी घ्या, नाहीतर माहेरी जाऊन या. ती ओळ इतरांना पटवून द्यायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र आधी करा. देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आहे, असं त्याच आरोग्य पाहणीत दिसलंय. आपण थकवा म्हणतो, वय झालं म्हणतो. सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात. त्याला बोनस लागत नाही, अर्ध्या दिवसाची सुट्टी लागते. बोनसमधून त्या अर्ध्या दिवसाची मजुरी बुडू द्या, पण तपासून या.

दुसरी शंका अवघड आहे. 'माझ्या घरी वही काढली तर मारच खाईन.' ही शंका खोटी नाही. जिच्या घरी दारू आहे, मारझोड आहे, तिला मी 'सगळ्यांना बसव आणि चर्चा कर' असं सांगणार नाही. तिच्यासाठी पहिलं काम म्हणजे पैसा सुरक्षित ठेवणं. खातं एकटीच्या नावावर, मोबाईल नंबर स्वतःचा, पिन नंबर कुणाला सांगायचा नाही. भिशीचा नंबर लागला तर ते घरी सांगायचं की नाही, हे तिनं ठरवावं आणि गटातल्या बाकीच्यांनी तोंड बंद ठेवावं. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हीसुद्धा हिंसा धरली आहे. बाईच्या हक्काचा पैसा अडवणं, तिचं स्त्रीधन काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, हे सगळं त्यात येतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. आपण मारहाणीच्या खुणा दाखवायला शिकलो. आता हिसकावलेल्या कार्डाची तक्रार करायलाही शिकलं पाहिजे.

तिसरी गोष्ट त्या घरखर्चातल्या कपातीची. बाईचा पैसा आला म्हणून नवऱ्यानं आपला हात आखडता घेतला, तर ते पैसे बाईला मिळाले नाहीत, नवऱ्याला मिळाले. म्हणून वहीत येणाऱ्या पैशाची बाजूही लिहा. कोण किती देतं, महिन्याच्या महिन्याला. आकडा डोळ्यांसमोर असला की कपात लपत नाही.

आपली यादी आणि सरकारची यादी

शेवटचा मुद्दा. माझ्या यादीत पिंप होतं. पण पिंप मला का घ्यावं लागलं? नळाला तासभरच पाणी येतं म्हणून. मोरीच्या दारासाठी साडेचार हजार का गेले? घर देणाऱ्यांनी बाईच्या आडोशाचा विचारच केला नाही म्हणून. पाच टक्क्यांचं कर्ज का झालं? अडीअडचणीला बँक आपल्याला दारात उभं करत नाही म्हणून. १९७२-७३ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन मोर्चाला गेल्या. त्यांनी रेशन मागितलं, रॉकेल मागितलं, पाणी मागितलं. त्यांना कळलं होतं की प्रत्येकीनं आपापल्या घरात कितीही काटकसर केली तरी काही गोष्टी एकेका घराच्या बोनसमधून सुटत नाहीत.

खात्यात पैसे टाकले की आपली जबाबदारी संपली, असं कुठल्याही सरकारला वाटू देऊ नका. दीड हजार घेऊ, तो आपलाच कराचा पैसा आहे. आगपेटीवरसुद्धा आपण कर भरतो. पण त्याच्या बदल्यात दवाखाना, रेशन आणि पाणी सोडणार नाही. म्हणून गटात जेव्हा याद्या वाचाल, तेव्हा ज्या गोष्टी सगळ्यांच्या यादीत येतात त्यांच्याखाली रेघ मारा. त्या रेघा म्हणजे आपल्या पुढच्या मोर्चाचं निवेदन.

तेव्हा या दिवाळीला तीन कामं करू या. पैसे यायच्या आधी यादी करायची, नंतर नाही. यादीत एक ओळ स्वतःच्या नावाची लिहायची. आणि भाऊबीज झाली की पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपला हिशेब मोकळेपणानं सांगायचा, कुणी कुणाला हसायचं नाही. जिला लिहिता येत नाही तिची यादी शेजारणीनं लिहावी. आणि जिच्या दाताचं मघाशी सांगितलं, तिच्याबरोबर सोमवारी दवाखान्यात जायला दोघी जणी पाहिजेत. सभा संपल्यावर मला भेटा.

एवढं बोलून मी थांबते.